बर्लिनच्या दप्तरातली एक पेटी

पुण्यात मोडी शिकत होते तेव्हा आमचे सर म्हणायचे, आधी कागद वाचा, मग मजकूर. घडी कुठे पडलीय, शिक्का कुठे बसलाय, शेरा कुणाच्या हातचा आहे, एवढं नीट पाहिलं की अर्धं काम झालं. पंधरा वर्षांनी बर्लिनमध्ये, एका संग्रहालयाच्या जुन्या दप्तरासमोर बसले तेव्हा मजकुरातलं एकही अक्षर लागत नव्हतं. पहिला आठवडा मी फक्त घड्या, शिक्के आणि शेरे पाहण्यात घालवला.

हे काम माझ्या वाट्याला आलं ते इरावतीबाईंमुळे. मानवशास्त्राच्या वर्गात आम्हाला एक गोष्ट हमखास सांगितली जायची, ती म्हणजे बाईंनी जर्मनीत जाऊन गुरूलाच खोडून काढलं. गोष्ट खरी आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. संस्थेच्या नावातच मानवशास्त्र, मानवी अनुवंश आणि सुप्रजनन हे तीन शब्द होते, त्यामुळे वारा कुठून वाहत होता ते कळतंच. युरोपीय माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी जास्त असमान असते आणि त्या असमानतेत त्याच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व आहे, असं फिशरचं गृहीतक. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशावरून असा काही फरक दिसत नाही, असं प्रबंधात लिहून दिलं. पंचविशीच्या आतबाहेरची मुलगी, परका देश, परकी भाषा, समोर तो माणूस. ऐकताना ऊर भरून यायचा, आजही येतो.

पण बर्लिनला राहायला आल्यावर (नवऱ्याची नोकरी, दुसरं काही नाही) एकदा डालेम भागात इनेश्ट्रासे २२ या इमारतीसमोर उभी राहिले. तीच ती जुनी संस्था. आता तिथे विद्यापीठाचे वर्ग भरतात. भिंतीवर एक पाटी आहे. नाझी काळात या संस्थेने काय केलं, आउशवित्सच्या छळछावणीतून इथे काय पाठवलं जात होतं, त्याची आठवण म्हणून लावलेली. २०१४ मध्ये याच आवाराजवळ खोदकामात माणसांची हाडं निघाली. पुढे रीतसर उत्खनन झालं, सुमारे १६,००० तुकडे मिळाले. किमान ५४ माणसांचे. २०२३च्या मार्चमध्ये ते सगळे डालेमच्याच वन-स्मशानभूमीत पुरले गेले.

त्या पाटीसमोर पहिल्यांदा मनात आलं, की बाईंनी मोजलेल्या त्या १४९ कवट्या कुणाच्या होत्या? त्यांत पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या कवट्याही होत्या, हे वाचलेलं होतं. वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही. बाईंचा निष्कर्ष इतका उजळ होता की टेबलावर काय मांडलंय तिकडे आमची नजरच गेली नाही.

चौकशी सुरू केली तेव्हा कळलं, की हा धागा फिशरच्या संस्थेपाशी संपत नाही, तिथून मागे जातो. कवट्यांचा तो मोठा संग्रह उभा केला फेलिक्स फॉन ल्यूशान यांनी. ते मूळचे ऑस्ट्रियाचे डॉक्टर. १८८५ मध्ये बर्लिनच्या राजेशाही मानववंश संग्रहालयात आले आणि पुढे आफ्रिका-ओशनिया विभागाचे प्रमुख झाले. १८८९ मध्ये जर्मन सरकारने ठरवलं, की सरकारी खर्चाने वसाहतींत गेलेल्या मोहिमांनी गोळा केलेलं सगळं आधी बर्लिनच्या संग्रहालयात यायचं. मग काय, लष्करी ठाण्यांवरचे अधिकारी, डॉक्टर, मोजणीदार, सगळ्यांच्या पेट्या बर्लिनच्या वाटेला लागल्या. कसं गोळा करायचं, कसं गुंडाळायचं, काय लिहून पाठवायचं, याची छापील सूचनापुस्तिका ल्यूशाननी स्वतः लिहिली होती.

१९२४ मध्ये ल्यूशान गेले. संग्रह फिशरच्या संस्थेकडे आला. युद्धानंतर बर्लिनची वाटणी झाली आणि तो या हातातून त्या हातात जात शारिते रुग्णालयाकडे पोचला. २०११ मध्ये सुमारे ७,७०० कवट्या तिथून पुन्हा सरकारी संग्रहालयांच्या ताब्यात आल्या. त्यात ल्यूशानच्या कवट्यांच्या क्रमांकाआधी एस अक्षर असतं, म्हणून त्याला एस-संग्रह म्हणतात. एवढ्या स्थलांतरांत कवट्यांसोबतचे कागद सगळे टिकले नाहीत. जे टिकले ते एका जागी नाहीत. संग्रहालयाचा पत्रव्यवहार संग्रहालयाच्या दप्तरात, ल्यूशानची खासगी पत्रं बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात. एका कवटीचा माग काढायचा तर दोन्हीकडे जावं लागतं.

मी काही नेमलेली संशोधक नाही. एका ग्रंथालयात अर्धवेळ काम करते आणि जुनी जर्मन हस्ताक्षरं वाचून साध्या अक्षरात उतरवणाऱ्या एका लहान गटात आहे. दप्तर पाहायचं तर अर्ज करावा लागतो. नाव, पत्ता, विषय, कशासाठी पाहायचंय, त्याचं पुढे काय करणार. यातला शेवटचा रकाना मी तीनदा खोडला. इरावतीबाईंचं नाव घालून पाहिलं, मग काढलं. शेवटी लिहिलं, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या मानवी अवशेषांच्या प्राप्तीच्या नोंदी, लिप्यंतरासाठी. उत्तर यायला पाच आठवडे लागले. उत्तरात परवानगी होती, तारीख होती आणि एक सूचना होती, की कागदांत जागोजागी अपमानकारक भाषा आहे, मन तयार करून या.

पहिल्या दिवशी पेन बाहेर ठेवायला लावलं. आत फक्त पेन्सिल. फोमच्या उशीवर एक बाड आणून ठेवलं. जाड पुठ्ठा, पाठीला दोऱ्याची शिवण, वर सुबक अक्षरात ‘आक्टा’. आक्टा म्हणजे आपलं दप्तर. आफ्रिकेतून मिळालेल्या वस्तूंसंबंधीचा पत्रव्यवहार, साल धरून. एका वेळी एकच बाड, पानं क्रमाने उलटायची, पानाचा कोपरा वळला असेल तर सरळ करायचा नाही, सांगायचं.

आणि मग ती लिपी. तिला कुरेंट म्हणतात. १९४१ मध्ये नाझी सरकारनेच ती शाळांतून काढून टाकली, त्यामुळे आजचा सुशिक्षित जर्मन माणूसही आजोबांचं पत्र वाचू शकत नाही. आपल्याकडे मोडीचं जे झालं तेच. घरोघरी ट्रंकांत मोडीचे कागद आहेत आणि नातवाला त्यातला आपल्याच आडनावाचा शब्द लागत नाही. कुरेंटमध्ये ‘ई’ हे अक्षर ‘एन’सारखं दिसतं. ‘एन’ आणि ‘यू’ सारखेच, म्हणून ‘यू’च्या डोक्यावर चंद्रकोरीसारखी एक खूण असते, लिहिणारा घाईत असला की तीही नसते. ‘एस’ दोन प्रकारचा. मोडीत निदान आधी ओळभर रेघ ओढलेली असते, अक्षरं तिला टांगलेली असतात, नजरेला धरायला काहीतरी मिळतं. इथे तीही नाही. नुसते टोकदार चढउतार, करवतीच्या दात्यांसारखे.

पण मोडीची सवय उपयोगी आली. अनोळखी हात लावायचा म्हणजे एकेक अक्षर फोडत बसायचं नसतं, जो शब्द तिथे असायलाच हवा तो आधी शोधायचा. मोडीत ‘राजश्री’ किंवा ‘विनंती उपरी’ सापडलं की लिहिणाऱ्याचा ‘र’ कळला, ‘व’ कळला. इथे तारीख, गावाचं नाव, शेवटचं ‘आपला आज्ञाधारक’. तीन आठवड्यांत मला एका हाताचं पान तासाभरात वाचता येऊ लागलं. दुसरा हात आला की पुन्हा पहिले पाढे.

पानाची मांडणी मात्र ओळखीची वाटली. कागद उभा मधोमध दुमडलेला. मजकूर फक्त उजव्या अर्ध्यात. डावा अर्धा मुद्दाम कोरा सोडलेला, कार्यालयाने शेरे लिहावेत म्हणून. वर आवकचा शिक्का, त्यात ‘ई’ अक्षर, क्रमांक, तिरकी रेघ आणि साल. डाव्या अर्ध्यात उत्तराचा कच्चा मसुदा, खाडाखोडीसह. मसुद्याखाली आद्याक्षरं. आणि सगळ्यात शेवटी तीन छोटी अक्षरं, ज्यांचा अर्थ ‘दप्तरी दाखल’. माझे वडील जिल्हा परिषदेत होते. त्यांच्या तोंडी हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय. एखाद्या अर्जाचं काय झालं विचारलं की म्हणायचे, झाला दप्तरी दाखल. म्हणजे विषय संपला.

आता त्या पेटीबद्दल. पत्राचं साल आणि ठाण्याचं नाव मी इथे देत नाही, कारण ज्यांना ते आधी कळायला हवं त्यांच्यापर्यंत ते अजून पोचायचंय. किलिमांजारोच्या भागातल्या (आजचा टांझानिया, तेव्हा जर्मन वसाहत) एका अधिकाऱ्याचं पत्र होतं. एक पेटी पाठवली आहे, टांगा बंदरातून निघेल, सोबत यादी जोडली आहे. यादी मी पटापट उतरवली. भाले, ढाली, मण्यांचे पट्टे, एक ढोल, तीन मडकी.

यादीतल्या वस्तूंचं पुढे काय झालं ते पाहायचं तर संग्रहालयाच्या नोंदवहीशी ताडायचं. आपल्याकडच्या डेड स्टॉक रजिस्टरसारखी ही वही. पूर्व आफ्रिकेच्या वस्तूंना रोमन तीन, मग ‘ई’ आणि मग क्रमांक. भाले मिळाले. ढाली मिळाल्या. पट्टे, ढोल, सगळं ओळीने मिळालं, शेवटच्या रकान्यात पाठवणाऱ्याचं नाव. मडकी मात्र नव्हती. वाटेत फुटली असतील. किंवा दुसऱ्या महायुद्धात गेली असतील, त्या संग्रहालयाचं तेव्हा फार नुकसान झालं. मी वहीत लिहिलं, ‘तीन मडकी, नोंद नाही’, आणि पुढच्या पत्राकडे गेले.

ते चार दिवस मला आता आठवले की अंगावर काटा येतो. मी जेवत होते, ट्राममधून जात-येत होते, आणि माझ्या वहीत तीन मडकी होती.

पाचव्या दिवशी त्याच अधिकाऱ्याचं दुसरं पत्र आलं. त्याच्या पहिल्याच ओळीत किलिमांजारोचं नाव होतं, जर्मनमध्ये ते ‘के’ने सुरू होतं. आणि खाली पुन्हा टांगा बंदराचं, ते ‘टी’ने. मोडीच्या सवयीने मी दोन्ही मोठी अक्षरं वहीत बाजूबाजूला काढून घेतली, या हाताचा ‘के’ कसा, ‘टी’ कसा. ‘टी’च्या माथ्यावर आडवी लाट होती. ‘के’ला लाट नव्हती, पोटाशी एक बारीक गाठ होती. काढताना काहीतरी खटकलं. मागचं बाड परत मागवलं. यादीचं पान उघडलं. मडक्यांच्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर लाट नव्हती. पोटाशी गाठ होती.

जर्मनमध्ये ‘ट्योप्फं’ म्हणजे मडकी. ‘क्योप्फं’ म्हणजे डोकी. पहिलं अक्षर सोडलं तर शब्द तोच. मराठीतही बघा, मडकी आणि डोकी, किती जवळ.

मी पेन्सिल खाली ठेवली. बाहेर जाऊन पाणी प्यायले. परत आल्यावर त्या ओळीचा डावा अर्धा पाहिला, जो मी इतके दिवस कार्यालयीन खरडाखरड म्हणून सोडून दिला होता. तिथे निळ्या पेन्सिलीने शेरा होता, की हे तीन नग कवट्यांच्या संग्रहाकडे द्यावेत. म्हणून ती वस्तूंच्या नोंदवहीत नव्हती. फुटली नव्हती, हरवलीही नव्हती. एकच पेटी, एकच जहाज, एकच यादी. बर्लिनला पोचल्यावर तिचे दोन भाग झाले. ढाली एका वहीत गेल्या, ढाल धरणारे दुसऱ्या. ढालींना गावाचं नाव राहिलं, कारण वस्तूच्या नोंदीत गाव लिहायची पद्धत होती. कवट्यांना क्रमांक मिळाला. एक अक्षर आणि काही आकडे, हाडावर शाईने.

यापुढचं सगळं काम मी या एका गोष्टीभोवती केलं. माझ्या तक्त्यात मी आधी वस्तूंसाठी एक पान आणि अवशेषांसाठी दुसरं पान ठेवलं होतं, संग्रहालयासारखंच. ते मोडलं. आता आवकचा क्रमांक धरून एक ओळ, आणि त्या पेटीतून जे जे आलं ते त्याच ओळीत. ढोलाशेजारी डोकी. शंभर वर्षांपूर्वी कार्यालयाने सोयीसाठी जे वेगळं केलं, ते कागदावर तरी पुन्हा एकत्र यायला हवं. कारण कवटीचं गाव ढालीला माहीत असतं. हे एखाद्या कवितेतलं वाटेल, पण मी ते सरळ अर्थाने म्हणतेय. दोन नोंदवह्यांमधला दुवा म्हणजे तो आवकचा क्रमांक, दुसरं काही नाही.

मी स्वतः एकही कवटी पाहिलेली नाही, पाहायची परवानगीही मागितली नाही. त्यांना पाहायचा हक्क कुणाचा, हे ठरवणारी माणसं दुसरी आहेत.

त्यांतले एक मला त्याच वाचनकक्षात भेटले. टांझानियातल्या, किलिमांजारोच्या पायथ्याच्या मोशीजवळच्या गावचे, इतिहासाचे शिक्षक, साठीचे. त्यांना कुरेंट येत नव्हती, मला त्यांच्या भागातली गावं माहीत नव्हती. दोन दिवस आम्ही शेजारच्या टेबलांवर बसून एकमेकांना नुसती मान हलवून नमस्कार केला. तिसऱ्या दिवशी मी एक गावाचं नाव घेऊन त्यांच्याकडे गेले. मग रोज दुपारी बाहेरच्या बाकावर बसायचं ठरूनच गेलं. ते मला ‘दादा’ म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकले. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, आणि भावाला काका म्हणतात. आमच्याकडे दादा म्हणजे मोठा भाऊ आणि काका म्हणजे वडिलांचा भाऊ, हे मी सांगितल्यावर ते बराच वेळ हसले. मी त्यांना काका म्हणायला लागले. माझ्या भाषेतही ते वयाने काकाच होते.

मांगी मेलींची गोष्ट मी त्यांच्याकडून पुन्हा ऐकली. वाचलेली होती, पण ऐकण्यात फरक असतो. मांगी म्हणजे चागा लोकांचा राजा. २ मार्च १९०० या दिवशी जुन्या मोशीत जर्मनांनी मेली आणि इतर प्रमुखांना, एकूण १९ जणांना, फाशी दिलं. मेलींचं डोकं कापून जर्मनीला नेलं, असं तिथे पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. त्यांचे नातू इसारिया मेली यांनी आयुष्यभर ते परत मागितलं. काका म्हणाले, आमच्याकडे कुणी ते विसरलं नव्हतं, तुमच्या कागदाची आम्ही वाट पाहत नव्हतो. कागद आला तर बरं, एवढंच. हे ‘तुमच्या’ मला लागलं. मी जर्मन नाही असं सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. टेबलाच्या ज्या बाजूला मी बसले होते ती कागदाची बाजू होती.

२०१७ पासून बर्लिनच्या सरकारी संग्रहालयांनी पूर्व आफ्रिकेतल्या कवट्यांचा पद्धतशीर शोध घेतला. तो निकाल आता जाहीर आहे. तपासलेल्या १,१३५ पैकी ९०४ आजच्या रवांडातल्या, २०२ टांझानियातल्या, २२ केनियातल्या. रवांडाचा आकडा एवढा मोठा का, तर १९०७-०८ मध्ये मेक्लेनबुर्गच्या ड्यूकची मोहीम तिथे गेली होती आणि तिच्यातले मानवशास्त्रज्ञ यान चेकानोव्स्की यांनी शेकड्यांनी कवट्या आणल्या, बहुतेक दफनाच्या जागांवरून. टांझानियातल्या काही कवट्यांची जनुकीय तपासणी झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं की त्यांतल्या तिघांचे आजचे नातेवाईक सापडले. त्यांतली एक अकिडा यांची, मांगी मेलींच्या जवळच्या सल्लागाराची. मेलींची स्वतःची मात्र सापडली नाही. ‘माझ्या’ तीन डोक्यांचा या तिघांशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला कागद नाही.

जनुकीय तपासणी झाली म्हणजे सुटलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण ताडून पाहायला नमुना घ्यायचा तरी कुणाचा? किलिमांजारोच्या उतारावरच्या कुठल्या गावात जाऊन विचारायचं? ते आधी दप्तरच सांगतं. शेवटचा दुवा प्रयोगशाळेत जुळत असेल, पण पहिला त्या अर्ध्या दुमडलेल्या कागदावर असतो, वाचायला कुणी असेल तर. आणि अशी बाडं पुष्कळ आहेत, वाचणारे थोडे.

इरावतीबाईंचं काय, असं माझ्या पुण्याच्या मैत्रिणीने फोनवर विचारलं. तिच्या आवाजात धास्ती होती, की आता ही बाईंबद्दल काही भलतंच बोलणार. मी तिला म्हटलं, बाईंबद्दलचा माझा आदर तसूभर कमी झालेला नाही. उलट ते वातावरण जवळून कळल्यावर त्यांचं ‘नाही’ किती महाग होतं ते जास्त कळलं. पण गंमत पाहा, ल्यूशानही वांशिक श्रेष्ठत्व मानत नव्हते. १९११ मध्ये लंडनच्या जागतिक वंश परिषदेत त्यांनी सगळी मानवजात एक आहे असंच मांडलं. हजारो कवट्या जमवून माणूस एक आहे म्हणायचं. निष्कर्ष बरोबर आहे, पण तो काढण्यासाठी ज्यांची डोकी आणली त्यांना कुणी विचारलं होतं? बाई शिकाऊ होत्या, कवट्या त्यांनी आणल्या नव्हत्या, समोर ठेवलेल्या मोजल्या. तरीही मोजपट्टीच्या त्या टोकाला कोण होतं, हे आपण निदान आता विचारायला हवं. आपण बाईंची गोष्ट सांगतो तेव्हा १४९ हा आकडा त्यांच्या कष्टाचं माप म्हणून सांगतो. मी आता तो तसा उच्चारू शकत नाही. बाई मोठ्या होत्या, त्यांना हे पेलेल असं मला मनापासून वाटतं. मैत्रीण थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, वर्गात सांगशील का येऊन?

काका मायदेशी परतले. जाताना मी त्यांना माझा तक्ता दिला, चाळीस-एक ओळी. महिन्याभराने फोन आला, की गावांची नावं नीट लागत नाहीत. जर्मन अधिकाऱ्यांनी ती कानाला आली तशी लिहिलेली. चागाला ‘डी-एस-सी-एच’ने सुरुवात, एकाच गावाची तीन स्पेलिंगं. त्यांना एक रकाना जास्तीचा हवा होता, गावातली माणसं आज ते नाव कसं म्हणतात त्याचा.

मग तीन रविवार आम्ही फोनवर बसलो. मी जर्मन अक्षरं एकेक करून सांगायची, ते थोडा वेळ पुटपुटायचे, आणि मग खरं नाव म्हणायचे. ते मी माझ्यासाठी देवनागरीत लिहून घेत होते, कारण रोमन अक्षरात तो उच्चार माझ्या हाताला नीट येत नव्हता. किबोशो. उरु. मारांगु. माचामे. प्रत्येक नाव मी परत म्हणून दाखवायची, ते ‘न्दियो’ म्हणायचे, म्हणजे हो. एखादं नाव म्हटल्यावर त्यांना तिथलं कुणी आठवायचं, चुलत बहीण तिथे दिलीय, नाहीतर तिथली केळी चांगली. मग आम्ही त्यातच रमायचो.

एक नाव शेवटपर्यंत लागलं नाही. नेमकं त्या पेटीच्या यादीतलं, ढालींच्या पुढचं. मी ते सगळ्या तऱ्हांनी वाचून दाखवलं, ‘ई’चा ‘एन’ करून, ‘यू’चा ‘एन’ करून. त्यांनी मला थांबवलं, कागद-पेन्सिल घेतली आणि चारही प्रकार उतरवून घेतले. म्हणाले, मंगळवारी मोशीत बाजार भरतो, वरच्या गावांतल्या म्हाताऱ्या बाया येतात, त्यांना विचारतो.